सगळ्या तापांवर एक औषध

अण्णा, छोटी गेल्यानंतर तुम्ही भेटेल त्या डॉक्टरला एकच प्रश्न विचारत फिरायचात, हे मला परवा कळलं. आत्यानं सांगितलं. तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं म्हणून मी झाशीला आले आहे. ओवाळणं झालं, जेवणं झाली, पाहुणे पांगले आणि ती नवी शाल अंगावर तशीच ठेवून मटार सोलायला बसली. ऐंशी ओलांडली तरी रिकामं बसणं तिला पाप वाटतं. सोलता सोलता म्हणाली, "तुझा बाप वेडाच होता गं. डॉक्टरला माल दाखवून झाला, बॅगेचं बक्कल लावलं, की उठता उठता विचारायचा, 'डाक्टर साहब, दो दिन पहले ले आते तो बच जाती?' बबीना गावचे ते म्हातारे डॉक्टर तर शेवटी शेवटी हा दिसला की मागल्या दारानं पसार व्हायचे. तुला ठाऊक नव्हतं?" मला ठाऊक नव्हतं. घरात तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीचं नावसुद्धा काढत नव्हतात, आणि मी पोरवयात समजत होते की तुम्ही विसरायला लागला आहात. मी शेंग हातात धरून बसून राहिले. शेवटी आत्याच म्हणाली, "सोल की, नुसती धरून काय बसलीस."

त्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. तुमच्या सगळ्या टेरिटरीत, दतियापासून ललितपूरपर्यंत, ज्याचं उत्तर तुम्हाला कोणी धड दिलं नाही ते तुमच्या थोरल्या मुलीला पक्कं ठाऊक आहे, आणि तुम्ही नाही. म्हणून आतेभावाच्या गच्चीवर उन्हात बसून हे लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे आणि ते तुमच्या धंद्यातलं आहे. माझ्या औषधाचं काय करायचं, याचा निर्णय कळवायला मला आज संध्याकाळपर्यंतची मुदत आहे. माझं औषध! तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची औषधं विकलीत, मी एक करायला बसले, आणि ते विकायचं कसं हे सांगायला नेमके तुम्हीच नाही. याचा मला कधी कधी तुमच्यावरच राग येतो.

तुम्ही एम.आर., म्हणजे औषध कंपनीचे फिरते प्रतिनिधी, होतात. हे मी शाळेत सांगायचे तेव्हा मुली विचारायच्या, म्हणजे काय? मोहल्ल्यात तुम्ही 'दवाई वाले भाईसाहब' होतात, तेच मग मीही सांगायला लागले. इथंच झाशीत, दतिया दरवाज्याच्या आतली आपली दोन खोल्यांची जागा, त्यातली मागली स्वयंपाकाची. नवं औषध बाजारात यायचं असलं की सकाळी तुम्ही तिथं उभे राहायचात, टाय बांधून, पायात मोजे, बूट बाहेर, कारण आई बूट आत येऊ देत नसे. आई पोळ्या लाटते आहे. मी पाटावर बसून डॉक्टर झाले आहे. छोटी पेशंट आहे. पोटात दुखतंय म्हणून सांग म्हटलं तरी ती खोकते, पाय मोडला म्हटलं तरी खोकते, कारण पेशंट म्हणजे खोकणारा माणूस हे तिचं ठाम मत आहे. आणि तुम्ही रंगीत चित्रांची घडी उलगडून म्हणता, "डाक्टर साहब, ये ब्रॉड स्पेक्ट्रम है। कौन सा कीड़ा है, ये जानने की ज़रूरत ही नहीं। सब पे चलता है।" शुभंकरोतीच्या आधी मला हे पाठ झालं होतं. एकदा मी ऐकता ऐकता कौतुकानं मान हलवली तर तुम्ही केवढे रागावलात! "मुंडी हलवणारा डॉक्टर लिहून देत नाही, ध्यानात ठेव. जो भांडतो तो लिहितो. भांड माझ्याशी." मग मी भांडायला शिकले. पोटाला बाधेल का, गरोदर बाईला चालेल का, एवढं महाग का. आई म्हणायची, कारटीला वकील करा.

आपल्या घरात औषध विकत आणल्याचं मला आठवत नाही. तुमची सॅम्पलची बॅग फडताळावर असायची आणि घरात कोणी शिंकलं की ती खाली यायची. दुसऱ्या एम.आर.च्या घरीही हाच कारभार. हलवायाच्या घरी पाहुण्याला गूळ-पाणी देत नाहीत, तशी आपल्यात डॉक्टरकडे जायची पद्धत नव्हती. बाकी लोक आधी डॉक्टरकडे जातात आणि मग औषध घरी येतं, आपल्याकडे औषध आधीच येऊन बसलेलं असायचं आणि डॉक्टर अगदी शेवटी. शेजारपाजारचेही यायचे. "भाईसाहब, मोड़ा खों ताप चढ़ो है," पोराला ताप चढलाय, असं म्हणत कोणी दारात उभं राहिलं की तुम्ही चार प्रश्न विचारून एक पट्टी काढून द्यायचात, आणि बहुतेकांना बरं वाटायचं. आता मला माहीत आहे की त्यातल्या निम्म्यांना नुसतं पाणी पिऊन पडून राहिले असते तरी बरं वाटलं असतं. पण तेव्हा मला वाटायचं, माझे वडील बॅगेतून माणसं बरी करतात.

छोटीचा ताप पाऊस सरल्यावरचा. अंग तापलं म्हणून तुम्ही कॅप्सूल फोडून भुकटी मधात कालवलीत, तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि चाटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही म्हणालात, उद्या उतरेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे बघते आहे आणि मला ओळखत नाही. मी तिला खोकून दाखवते, आमच्या खेळातल्यासारखं, तर ती भिंतीकडे मान वळवते. मग टांगा, मग हॉस्पिटल, वॉर्डाच्या व्हरांड्यात आईबरोबर बसलेली मी. डॉक्टर तुमच्या ओळखीचेच, तुम्हाला चहा पाजणारे. त्यांनी तिच्या पाठीतून पाणी काढलं, ते स्वच्छ निघालं, म्हणून आम्हाला हायसं वाटलं. स्वच्छ म्हणजे चांगलं असणार, असं वाटलं. ते बाहेर येऊन म्हणाले, "भाईसाहब, वायरल है। दिमाग़ पे असर हो गया है।" तुम्ही म्हणालात, "लेकिन मैंने ब्रॉड स्पेक्ट्रम दिया है।" ते म्हणाले, "ये उसमें नहीं आता।" तुम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात ते असायचंच. पण इतकी वर्षं 'सब पे' म्हणता म्हणता तुमचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. चांगल्या विक्रेत्याचं असं होतं. छोटी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

त्यानंतर नवी औषधं आली, पण सकाळचा तो खेळ बंद झाला. माहितीपत्रकं तुम्ही मनात वाचायचात. बॅग फडताळावरून उतरून तुमच्या खाटेखाली गेली, आणि मला साधं पडसं झालं तरी तुम्ही हातातलं काम टाकून मला डॉक्टरकडे न्यायचात. कंपनीनं डॉक्टरांना वाटायला दिलेलं एक भिंग तुम्ही मला आणून दिलंत, मुठीवर कसल्याशा सिरपचं नाव होतं. म्हणालात, "घे, बघत जा." काय बघायचं ते सांगितलं नाहीत. मी मुंग्या पाहिल्या, तांदूळ पाहिले, तुमच्या हातावरचे केस पाहिले. ते भिंग कुठल्याशा हॉस्टेलात हरवलं. मी एम.एस्सी.ला असताना तुम्ही गेलात, बसमध्ये, मऊरानीपूरहून परत येताना, छातीत कळ येऊन. मी पुढे विषाणूंवर काम करणार हे तुम्हाला कळलंच नाही. मी ते छोटीसाठी निवडलं असं मुलाखतीत सांगायला बरं असतं, पण खरं म्हणजे त्या वर्षी तिथंच जागा होती. छोटी नंतर आली, हळूहळू, कामातून.

मी काय करते ते तुमच्या भाषेत सांगायचं तर असं. तुमच्या कॅप्सूलनं मरणारा जंतू हा आपल्या घरात घुसलेला पण स्वतःची चूल मांडून बसलेला माणूस. त्याची चूल वेगळी असते, तेवढी विझवली की तो उपाशी मरतो आणि आपल्या चुलीला धक्का लागत नाही. म्हणून एकाच औषधात पुष्कळ जंतू येतात. विषाणूला चूलच नसते. तो आपल्याच चुलीवर शिजवतो. तेव्हा एक तर प्रत्येक विषाणूची एखादी खासगी खोड शोधायची आणि त्याच्यापुरतं औषध करायचं, म्हणजे जितके विषाणू तितकी औषधं. नाही तर आपलीच एखादी चूल चार दिवस बंद ठेवायची. अशी, की जिच्यावाचून पुष्कळशा विषाणूंचं अडतं आणि आपलं भागतं. आम्ही हा दुसरा रस्ता धरला. प्रयोगशाळेत आमचं औषध एकमेकांशी नात्याचे नसलेले कितीतरी विषाणू अडवतं. उंदरांमध्येही अडवतं, ताप चढायच्या आधी किंवा चढल्या चढल्या दिलं तर. उशीर झाला तर नाही. निरोगी माणसांना थोडं थोडं देऊन पाहिलं, त्यांना बाधलं नाही, पण पुरेसा डोस आणि जास्त डोस यांत अंतर फार थोडं आहे. शेवटी चूल आपलीच आहे. भरवसा विचाराल तर मी म्हणेन, होईलसं वाटतं. 'सब पे चलता है' मी कधीच म्हणत नाही, अण्णा. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे टोकते, आणि मग सगळे म्हणतात, बाई फार खडूस आहेत.

आणि खरी अडचण पुढेच आहे. तुम्ही मला बडा बाज़ारात त्या ठोक व्यापाऱ्याकडे घेऊन जायचात, आठवतं? तुम्ही नवं औषध पुढे केलंत की तो आधी गादीवर रेलायचा आणि मग म्हणायचा, "भाईसाहब, जो माल रोज नईं निकरत, बाए धर कें का करें?" काल मी मुद्दाम तिकडून चालत गेले. दुकान आहे, पाटी बदलली आहे, आता काचेचं काउंटर आणि त्याचा नातू. जो माल रोज खपत नाही तो ठेवून काय करू, या एका वाक्यात त्या म्हाताऱ्यानं आमची सगळी कहाणी सांगून ठेवली होती. माझ्या औषधाला सीझन नाही, टेरिटरी नाही. ब्लडप्रेशरची गोळी माणूस जन्मभर घेतो. माझी घ्यायची चार-पाच दिवस, तीही साथ आली तर. ती द्यायची तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, म्हणजे कोणता विषाणू आहे हे कोणालाच ठाऊक नसताना. आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत गोळीची वेळ टळलेली. म्हणजे ती साध्या तापाच्या माणसालाही दिली जाणार, जो तसाही आठवड्यात उठून कामाला लागणार आहे. त्याला काडीचंही नुकसान होता कामा नये. ते नक्की करायला हजारो माणसांवर पाहावं लागतं आणि त्याला अफाट खर्च. एवढा खर्च करून गोळी महाग ठेवली तर मऊरानीपूरचा मजूर ती घेणार नाही, स्वस्त ठेवली तर पैसे घालणारा पळून जाणार. सरकारांनी आधीच विकत घेऊन कोठारात ठेवावी, हा एक मार्ग. पण न आलेल्या साथीसाठी कोण पैसे काढतो? आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणायची रीत आहे.

मधे एक मोठी साथ येऊन गेली. सगळं जग घरात कोंडून बसलं होतं. तुम्ही असतात तर तुमची बस, तुमचे डॉक्टर, सगळंच बंद पडलं असतं. तेव्हा मला मंत्रालयातून फोन येत, बँकेतून येत, ज्यांनी आमचे अर्ज वर्षानुवर्षं वाचलेही नव्हते ते विचारत, औषध कधी होईल, हवे तेवढे पैसे देतो. मी म्हणायचे, दहा वर्षांपूर्वी दिले असते तर आज झालं असतं. तरीही कामाला लागलो. मग लस आली, साथ ओसरली आणि तिच्याबरोबर फोनही ओसरले. गरज सरो, वैद्य मरो. पुढचा विषाणू कोणता येईल हे कोणाला सांगता येत नाही, आणि म्हणूनच सगळ्यांवरचं एखादं औषध हाताशी असावं. पण नेमकं म्हणूनच ते कोणी विकत घेत नाही. मी हे वीस ठिकाणी भाषणांत सांगितलं आहे. लोक माना हलवतात. मुंडी हलवणारे, अण्णा. एकही भांडत नाही.

काल दुपारी आमच्या डायरेक्टरांचा पुण्याहून फोन आला. माणूस चांगला आहे, माझ्या हिंदीमिश्रित मराठीला हसतो तेवढाच काय तो दोष. म्हणाले, "मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात आपल्या. एक धड मिळतंय, घेऊन टाकू." बाहेरच्या एका कंपनीनं पैसे घालायची तयारी दाखवली आहे. पण एकाच रोगासाठी. मूत्रपिंड, यकृत बदललेल्या माणसांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, तेव्हा अंगात निपचित पडलेला एक विषाणू उठून बसतो. हे रुग्ण हॉस्पिटलच्या नजरेखाली असतात, विषाणू कोणता ते तपासलेलं असतं, औषध वेळेत देता येतं, आणि त्यांचा विमा पैसे भरतो. म्हणजे सीझनही आला आणि टेरिटरीही. अट एकच, बाकीचं सगळं काम बंद. मी विचारलं, "दुसऱ्याचं काय?" दुसरं म्हणजे आमच्या औषधाचं धाकटं भावंड. पहिलं औषध रक्तातून मेंदूत जवळजवळ पोचत नाही. तिथे रक्त आणि मेंदूच्या मधे पहारा कडक असतो. म्हणून आम्ही त्याचाच थोडा बदललेला एक नमुना केला, तो पोचतो. मेंदूज्वराच्या विषाणूंवर तो उंदरांत चालला आहे, आताशी कुठे सुरुवात आहे. डायरेक्टर म्हणाले, "ते फ्रीझरमध्ये ठेवू. फेकतोय थोडंच? हे जगलं तर त्याला परत काढू." मी म्हटलं, "साहेब, फ्रीझरमधून परत कोण काढतं?" ते म्हणाले, "तुम्ही असाल ना." मला निवृत्त व्हायला दीड वर्ष आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मग म्हणाले, "नाही म्हणालात तर मार्चमध्ये पैसे संपले की दोन्ही जातील. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

मूत्रपिंड बदललेली माणसंही माणसंच आहेत. त्यांच्यातल्या एकाची बायको मला भेटली होती, तिनं माझे हात धरले होते. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की तुझा नवरा माझ्या हिशेबी पुरेसा नाही? मला त्या कंपनीचाही राग येत नाही, त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात, आधी एका डॉक्टरच्या चिठ्ठीवर या, मग गावभर व्हा. पण लहान मुलांच्या मेंदूज्वरावर गोळी करायला पैसे घेऊन कोणीही येत नाही. त्यातल्या एका विषाणूवर लस आली, अण्णा, चांगली आहे, मुलं वाचली तिच्यामुळे. पण मेंदूज्वर काही एकाच विषाणूचा नसतो. कितीतरी मुलांत तो कोणता हे शेवटपर्यंत सापडत नाही, आणि डॉक्टर बाहेर येऊन आईबापांना तेच वाक्य सांगतात जे तुम्ही ऐकलंत. इथेच तर 'कौन सा कीड़ा है, जानने की ज़रूरत नहीं' असं औषध हवं. तुमचं ते वाक्य खरं करायला मी निघाले होते, असं म्हटलं तरी चालेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, अण्णा. दोन दिवस आधी नेली असती तरी छोटी वाचली नसती. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही; माझी समजूत काढायची रीत किती वाईट आहे ते आत्याला विचारा. व्हरांड्यात आमच्या शेजारी एक बाई बसली होती, बरुआसागरकडची, तिचीही मुलगी आत होती, तसाच ताप. ती आईला म्हणत होती, "हम तो मोड़ी खों पैलेई दिना लै आए ते, तोऊ का भओ?" पहिल्याच दिवशी आणलेली तिची मुलगी आमच्या आधी गेली. आई तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती, तुम्ही औषधं आणायला धावत होतात. ते मी ऐकलं, पण त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी समजला. तुमच्या कॅप्सूलनं तिचं काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही. डॉक्टरकडे, हॉस्पिटलात, दिल्लीत, विलायतेत कुठेच तेव्हा तिच्यासाठी औषध नव्हतं. तुम्ही उशीर केला नाहीत. पोचण्यासारखं काही नव्हतंच, मग उशीर कशाला होणार? एवढं एक वाक्य तुम्हाला कोणी सांगायला हवं होतं. ते बबीन्याचे डॉक्टर मागल्या दारानं गेले नसते आणि खुर्चीवर बसवून त्यांनी हे सांगितलं असतं, तर कदाचित त्या बसमध्ये तुमच्या छातीवर थोडं कमी ओझं असतं. मला फार वाटतं की तुम्ही समोर असावं आणि मी हे तुम्हाला सांगावं. तुम्ही आधी विश्वास ठेवणार नाही. भांडाल. पाठीतलं पाणी, दिवस, डोस, सगळं विचाराल आणि मी प्रत्येकाचं उत्तर देईन, संध्याकाळपर्यंत देत राहीन, पाहिजे तर रोज येऊन देईन. इतकी माणसं भेटली आयुष्यात, पण ज्याच्याशी भांडायला मी हे सगळं शिकले तो माणूस काही परत भेटला नाही. साठीच्या बाईनं वडिलांसाठी असं रडू नये म्हणतात. गच्चीवर कोणी नाही, म्हणून चाललं.

खालून आत्या हाक मारते आहे, मटारची उसळ झाली म्हणून. हे पत्र मी कुठे टाकणार, घडी करून पर्समध्ये ठेवीन. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. वर मी सगळं असं मांडलं आहे, जणू तुम्ही सांगाल ते मी ऐकणार आहे. तसं नाही. आज सकाळी चहा घेण्याआधीच मी डायरेक्टरांना फोन केला आणि हो म्हटलं. धाकट्या औषधाच्या कुप्या फ्रीझरमध्ये कोणत्या कप्प्यात ठेवायच्या तेही सांगितलं. तुम्हाला विचारायला बसले ती त्यानंतर.